सामान कोण सांभाळणार?

दुपारची भांडी आवरली असतील, पाठ जरा टेकली असेल. तशाच पडून ऐका. मध्येच कुणाला वही-पेन आणावंसं वाटलं तर आणा, कारण आज थोडा हिशोब पण सांगणार आहे.

परीक्षा संपल्या. पोरं घरात. नणंदेची, भावाची मुलं सुट्टीला आली असतील नाहीतर येतील. आणि दोन दिवसांत घरात एकच घोषणा सुरू होईल, ‘वॉटर पार्क, वॉटर पार्क!’ पूर्वी सुट्टी म्हणजे विहीर, कॅनॉल, नाहीतर मामाच्या गावची नदी. आता खोपोलीचं इमॅजिका, गोराईचं वॉटर किंगडम यांची नावं पोरांना पाठ असतात, आणि तेवढ्या लांब नाही गेलं तरी मोठ्या शहरांच्या आसपास आता कुठं ना कुठं एखादा वॉटर पार्क असतोच. मग घरातले पुरुष म्हणतात, ‘जाऊ या की रविवारी.’ एवढं बोलून त्यांचं नियोजन संपतं आणि आपलं सुरू होतं.

आजचा विषय हाच. दिवसभराच्या वॉटर पार्कच्या सहलीची तयारी. पण तिकीट, डबे, गाडी यांच्याआधी मी तुम्हाला आमच्या घरची एक गोष्ट सांगणार आहे. ती सांगायला मला चार वर्षं लागली.

आम्ही अकरा जण गेलो होतो. सासूबाई, आम्ही दोघं, दीर-जाऊबाई, नणंद आणि तिचे मिस्टर. मुलं चार. माझा मुलगा नऊ वर्षांचा, जाऊबाईंची दोन लहानगी आणि नणंदेची मुलगी सहा वर्षांची. आत गेल्या गेल्या सगळ्यांनी कपडे बदलले, आणि पिशव्या, चपला, मोबाईल, चष्मे, घड्याळं असा ढीग माझ्यासमोर आला. ‘तू बसतेस ना जरा?’ कुणी वाईट बोललं नाही. मीही ‘हो’ म्हणाले. आपण म्हणतोच. मी साडीतच होते. सासूबाई आणि मी सिमेंटच्या बाकावर, पुढ्यात सहा पिशव्या आणि नऊ जोड चपला.

जाऊबाई त्यांच्या दोघांना घेऊन छोट्या मुलांच्या तळ्यात होत्या. बाकीचे लाटांच्या तलावात. मी बाकावरून डोकी मोजत होते. आपल्याला सवयच असते ती, देवळात, जत्रेत, एसटी स्टँडवर. एकदा मोजलं, बरोबर. दुसऱ्यांदा मोजलं, एक डोकं कमी. भाचीनं आकाशी रंगाचा पोहण्याचा ड्रेस घातला होता. तलावाचा तळही निळा. ती मला दिसेचना.

मी उठून धावले. साडी सावरत, ओल्या फरशीवरून. काठावर पोचले तेव्हा एका अनोळखी बाईंनी तिला काखेत धरून वर उचललं होतं. पोर खोकत होती. बाई म्हणाल्या, ‘ही माझ्या शेजारीच होती. ओरडली नाही की काही नाही. मान मागं टाकून तोंड उघडं, एवढंच. मला वाटलं खेळतीय.’ त्यांचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

पोरगी वाचली. धडधाकट आहे, आता दहा वर्षांची आहे. पण तलावात आमचे चार मोठे होते, मैत्रिणींनो. आईला वाटलं वडिलांजवळ आहे. वडिलांना वाटलं मामाकडं आहे. मामाला, म्हणजे आमच्या ह्यांना वाटलं आईनं नेलं. आणि दीर फोटो काढत होते. चौघांचाही तिच्यावर जीव आहे. कुणीही बेफिकीर माणूस नाही. पण चौघांवर सोपवलेलं काम प्रत्यक्षात कुणाच्याच अंगावर नव्हतं.

परतीच्या गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग हे मला म्हणाले, ‘तू तर नुसती बसूनच होतीस. तुझं लक्ष कुठं होतं?’

मी काही बोलणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, ‘तिच्याकडं पिशव्या दिल्या होत्या. पोरगी तुम्ही चौघांनी घेतली होती.’

त्या रात्री मला झोप लागली नाही. माहेरी मी विहिरीत पोहायला शिकलेली, पाठीला रिकामा डबा बांधून, दहाव्या वर्षी. आमच्या अकरा जणांत नीट पोहता येणारी मी एकटी. आणि जिला पोहता येतं ती चपला राखत होती.

म्हणून आज सांगते. सहलीची यादी करताना पहिली ओळ भडंग आणि चिवड्याची लिहू नका. पहिल्या ओळीवर दोन प्रश्न लिहा. पाण्यात मुलांवर नजर कोण ठेवणार, आणि सामान कोण सांभाळणार. या दोन्हींची उत्तरं घरून ठरवून निघा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. सामान लॉकर सांभाळणार. बहुतेक वॉटर पार्कमध्ये भाड्यानं लॉकर मिळतो. त्यासाठी अनामत ठेवतात, ती किल्ली परत केल्यावर मिळते, पावती मात्र जपून ठेवायची. अकरा जणांना एक मोठा किंवा दोन छोटे पुरतात. पण त्यासाठी सामान कमी न्यावं लागतं. सोनं घरी. मंगळसूत्र साधं, काळ्या मण्यांचं घाला नाहीतर तेही घरीच ठेवा. घसरगुंडीवर गळ्यातलं अडकतं. काचेच्या बांगड्या काढूनच जा, फुटली तर आपल्यालाही लागते आणि अनवाणी पोरांनाही. चपला एका पिशवीत. पैसे आणि एकच मोबाईल पाणी न शिरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात. लॉकरची किल्ली मनगटाला. झालं! लॉकर घेतला की सामानाला आई लागत नाही. चार वर्षांपूर्वी आम्ही त्याचे पैसे वाचवले होते.

आता पहिला प्रश्न. बुडणारं माणूस हात वर करून ‘वाचवा वाचवा’ ओरडतं, हे आपण सिनेमात पाहिलेलं असतं. खरं बुडणं बहुतेक वेळा मुकं असतं. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, जेमतेम श्वास घेता येतो, मग ओरडणार कशानं? हात वर येत नाहीत, ते पाणी खाली दाबत राहतात. काही सेकंदांत पोर खाली जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली. त्यात दर चारांत जवळजवळ एक मूल पाच वर्षांच्या आतलं होतं. यात विहिरी आल्या, नद्या आल्या, तळी आली. वॉटर पार्कमध्ये जीवरक्षक असतो, ही मोठी सोय आहे. पण त्याच्यासमोर शेकडो डोकी असतात. तुमच्या एका पोरावर डोळा ठेवणं तुमच्याच माणसाचं काम.

आम्ही काय करतो ते सांगते. आमच्याकडं एक केशरी रुमाल आहे. पहाऱ्याचा रुमाल. ज्याच्या मनगटाला रुमाल, त्याचा पहारा. वीस मिनिटांची पाळी. त्या वीस मिनिटांत मोबाईल नाही, फोटो नाही, घसरगुंडी नाही, गप्पा नाहीत. लहान मूल हाताच्या अंतरावर, म्हणजे हात लांबवला की पकडता आलं पाहिजे. काठावर बसून पहारा होत नाही. पाळी संपली की रुमाल दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि घेणाऱ्यानं मोठ्यानं म्हणायचं, ‘घेतला.’ नुसतं ‘बघ हं जरा’ चालत नाही. ‘घेतला’ म्हटल्याशिवाय पहिल्याची सुटका नाही. पोहता न येणारी लहान मुलं असतील तर एका माणसाकडं दोनच. चार मुलं असतील तर दोन रुमाल.

पहिल्या वर्षी पुरुष मंडळी हसली. दीर म्हणाले, ‘काय शाळा लावलीय.’ पण सासूबाईंनी एकदा नुसतं पाहिलं, आणि पहिला रुमाल त्यांनीच बांधून घेतला.

लाटांच्या तलावाचं विशेष लक्षात ठेवा. उतरत्या किनाऱ्यासारखा तो असतो. एका टोकाला घोट्याएवढं पाणी, भिंतीकडं खोल. यंत्रानं लाटा काही मिनिटं सुरू असतात, मग बंद. लाटा सुरू झाल्या की सगळे ओरडत आत धावतात. त्या गर्दीत लहान मुलाचे पाय सुटतात, आणि परतणारी लाट त्याला ओढते. लहान मुलांना लाटा बंद असताना न्या, सुरू झाल्या की घोट्याएवढ्या पाण्यात परत आणा. लाइफ जॅकेट मिळत असेल तर ते घाला, मापाचं आणि बंद नीट लावून. हवा भरायच्या रबरी ट्यूब, दंडावरचे फुगे ही खेळणी आहेत. त्यांच्या भरवशावर मूल सोडू नका.

आणि रंग! मुलांचे पोहण्याचे कपडे घेताना निळे, आकाशी, पांढरे घेऊ नका. निळ्या तळात ते विरघळून जातात. भडक केशरी, पोपटी, गुलाबी घ्या. दुकानदार म्हणेल ‘ताई, आकाशी छान दिसेल.’ आपल्याला छान दिसायला नको, नुसतं दिसायला हवं.

आता हिशोब. आधी वॉटर पार्कमध्ये फोन करा आणि पाच गोष्टी विचारा. एक, आपल्या तारखेला तिकीट किती. बऱ्याच ठिकाणी शनिवार-रविवारचा दर जास्त असतो. मधल्या वारी गेलात तर पैसे वाचतात आणि रांगाही कमी लागतात. दोन, मुलांचं तिकीट वयावर की उंचीवर. तीन, कपडे कोणते चालतात आणि भाड्यानं मिळतात का. चार, बाहेरचं खाणं आत नेता येतं का, आणि तान्ह्या बाळाचं चालतं का. पाच, लॉकरचं भाडं आणि अनामत किती. मग वहीत तिकीट, गाडी, कपड्यांचं भाडं, लॉकर, जेवण, अनामत असे सहा रकाने करा. आपण तिकिटाचा गुणाकार करतो आणि तोच खर्च समजतो. मग आत गेल्यावर प्रत्येक आइस्क्रीमला पोरांवर ओरडतो. आकडा आवाक्याबाहेर जात असेल तर घरीच ठरवा, यंदा नको, पुढच्या वर्षी. तोवर महिन्याला थोडे बाजूला टाका. कर्ज काढून हसायला जायचं नाही.

उंचीचं म्हणाल तर निघायच्या आदल्या दिवशी पोरांना भिंतीला उभं करून टेपनं मोजा. तिकिटाला उंची लागते, आणि मोठ्या घसरगुंड्यांनाही. तिकिटाच्या खिडकीशी गुडघे वाकवणारी पोरं घसरगुंडीच्या फळ्याशी टाचा उंचावतात! माझा मुलगा दोन बोटांनी कमी पडला होता, आणि रांगेत अर्धा तास उभं राहून परत आला. रडून गोंधळ. घरीच सांगितलं असतं तर रडला असता, पण घरी. आणि तिथल्या माणसाला ‘जाऊ द्या ना दादा’ म्हणून गळ घालू नका. हलकं मूल वळणावर उसळतं, म्हणून ती रेघ आखलेली असते.

जायचं कसं? राज्यात एसटीनं गेलात तर मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत. घरात बायका-मुलं जास्त असतील तर खाजगी गाडीपेक्षा किती स्वस्त पडतं ते मांडून बघा. फक्त परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे विचारून ठेवा.

आता आपल्या मनातला प्रश्न. कपडे. साडी, सुती सलवार-कमीज, ओढणी, जीन्स, असं पाण्यात चालू देत नाहीत. कुरकुर करू नका, कारण आहे त्याला. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, ओढणी अडकते, रंग आणि धागे पाण्यात जातात. नायलॉनचे अंगभर कपडे मिळतात. पूर्ण बाह्यांचे, पायघोळ, वरून झगा असलेलेसुद्धा. एकदा विकत घेतले की पाच-सात वर्षं टिकतात. दोघी-तिघींनी मिळून घेतले तरी चालतात. ‘मी कशी दिसेन?’ असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. आत गेल्यावर कळलं, तिथं कुणीच कुणाकडं बघत नसतं. सगळ्यांचे केस चिकटलेले आणि सगळ्यांची नाकं गळत असतात.

पाळी आली असेल तर सॅनिटरी पॅड पाण्यात कामाचं नाही, ते पाणीच शोषतं. कप किंवा टॅम्पॉन वापरायची सवय असेल तर खुशाल उतरा. नसेल तर त्या दिवशी पहिल्यांदा प्रयोग नको. तारीख ठरवतानाच घरातल्या मुलींना, सुनांना हळूच विचारून घ्या, म्हणजे एखादी दिवसभर खोटं डोकं दुखवत बसणार नाही. पोटुशी असेल तिनं घसरगुंडीवर जायचं नाही. हृदयाचा त्रास, फिट येणं, पाठीचं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना विचारूनच. आणि घरात कुणाला जुलाब होत असतील तर त्याला पाण्यात उतरवू नका, थांबल्यावरही काही दिवस नाही. काही जंतू क्लोरीनलाही दाद देत नाहीत.

क्लोरीनवरून आठवलं. पाण्याला उग्र वास आला की आपण म्हणतो, ‘वा, औषध टाकलंय, पाणी स्वच्छ आहे.’ उलटं आहे ते. घाम, लघवी यांच्याशी क्लोरीन मिसळलं की तो वास सुटतो. म्हणून उतरण्याआधी साध्या पाण्यानं अंघोळ करा, पोरांना दर तासाला बाहेर काढून लघवीला न्या. पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा अंघोळ.

ऊन विसरायला होतं पाण्यात. अंग गार, पण डोकं तापतं आणि तहान कळत नाही. तासातासाला पिण्याचं पाणी, सोबत ओआरएसची दोन-तीन पाकिटं. बारा ते तीन सावलीत बसा, जेवा, पडा. भरल्या पोटी गरगर फिरवणाऱ्या घसरगुंडीवर पाठवलंत तर खाल्लेलं बाहेर येईल. जाताना न्याहारी घरची, भरपूर. येताना गाडीत भूक लागते ती वेगळीच, त्यासाठी चपात्या आणि सुकी बटाट्याची भाजी गाडीतच ठेवा.

एक नको असलेली पण माहीत हवी अशी गोष्ट. कुणी बुडता बुडता बाहेर काढलं तर त्याला उलटं टांगू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. त्यात मोलाचा वेळ जातो. आधी जीवरक्षकाला हाक मारा, १०८ किंवा ११२ ला फोन करा. श्वास नसेल तर तोंडानं श्वास देणं आणि छाती दाबणं ताबडतोब सुरू व्हायला हवं. जीवरक्षकाला ते शिकवलेलं असतं. आपल्या आरोग्य केंद्रात विचारा, कुठं शिकवतात का. आणि मूल शुद्धीवर आलं, चालू-बोलू लागलं तरी खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल, पेंगुळत असेल तर थेट दवाखान्यात. आम्ही त्या दिवशी भाचीला दवाखान्यात न नेता घरी आणलं होतं. आमचं नशीब, काही झालं नाही. तुम्ही नशिबावर राहू नका.

मैत्रिणींनो, सगळी यादी झाली. आता रुमालाची दुसरी बाजू सांगते. पाळी सगळ्यांना आली, म्हणजे सुट्टीही सगळ्यांना आली. दुसऱ्या खेपेला ह्यांनी रुमाल घेतला, ‘घेतला’ म्हणाले, आणि मला एकदम कळेना, आता वीस मिनिटं मी काय करू? मुलांच्या मागं नाही, पिशव्यांपाशी नाही. मी मोठ्यांच्या पोहायच्या तलावात उतरले. पंचवीस वर्षांनी. वाटलं विसरले असेन. हातपाय मारले आणि अंगाला सगळं आठवलं. पलीकडच्या काठाला हात लावून परत आले तर माझा मुलगा काठावर तोंड उघडं ठेवून उभा. ‘आई, तुला पोहता येतं?’

त्याला माहीतच नव्हतं. मी पाण्यात उतरल्याशिवाय त्याला कळणार तरी कसं? त्या सुट्टीत मी त्याला आणि भाचीला पोहायला शिकवलं. आता रुमाल असला तरी जीव थोडा खाली असतो.

आणि गेल्या वर्षी सासूबाई. नऊवारीच्या बाई त्या, नायलॉनचा झगा बघूनच नको म्हणाल्या. तासभर बाकावर बसल्या. मग मला बोलावून म्हणाल्या, ‘तुझा रुमाल नाही ना आत्ता? मग मला घेऊन चल त्या लाटांत. पण हात सोडू नकोस.’ कपडे भाड्यानं घेतले. घोट्याएवढ्या पाण्यात आम्ही दोघी बसलो. लाट आली, कमरेपर्यंत भिजवून गेली. त्या इतक्या हसल्या की मला वाटलं ठसका लागेल. पाठीमागं बाक रिकामा होता. सामानापाशी कुणीच नव्हतं.

तर यंदा निघताना तेवढं बघा. पिशवीत एक भडक रुमाल टाका आणि लॉकरचे पैसे वेगळे काढा. तुमच्या घरच्या सहलीचे अनुभव असतील तर आपल्या केंद्रावर येऊन नक्की सांगा. भेटू पुढच्या वेळी, याच वेळेला. नमस्कार.